ऑर्केस्ट्रा, साधा पियानो आणि ऱ्होड्स

जॅझ पियानोवादकाच्या मागे मोठा ऑर्केस्ट्रा उभा करण्याची हौस जुनी आहे. जॉर्ज गर्श्विनने १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये पॉल व्हाइटमनच्या वाद्यवृंदाबरोबर 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' वाजवली, तेव्हापासून हा प्रयोग थांबलेला नाही. त्यातून निघालेल्या ध्वनिमुद्रिका शेकड्यांनी आहेत, पण पुन्हा पुन्हा ऐकाव्यात अशा फार थोड्या. बहुतेकांत व्हायोलिनचा ताफा पियानोमागे रेशमी पडद्यासारखा सोडलेला असतो. पियानोवाला काहीही वाजवो, पडदा हलत नाही.

याचे कारण लयीत आहे. जॅझमधला पियानो, बास आणि ड्रम्स हे तिघे एकमेकांचे ऐकत ठेका किंचित पुढेमागे खेचतात आणि त्या ओढाताणीतच स्विंग असतो. सिंफनी ऑर्केस्ट्राची शिस्त वेगळी. कंडक्टरची कांडी खाली येते आणि स्वर तिच्यानंतर क्षणभराने उमटतो. पन्नास जणांना एकत्र श्वास घ्यायला तेवढा अवकाश लागतोच. दोन्ही पद्धती आपापल्या जागी निर्दोष आहेत, पण एकत्र आणल्या की त्रिकूट धावते आणि व्हायोलिने मागे रेंगाळतात. अमेरिकेत गुंथर शुलरने १९५७च्या सुमारास या दोन परंपरांच्या संगमाला 'थर्ड स्ट्रीम' असे नाव दिले. नाव रुजले, लयीचा पेच मात्र तसाच राहिला.

हा पेच ज्याच्या वादनात सर्वांत सुंदर रीतीने सुटला, तो बिल इव्हान्स (१९२९–१९८०). माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'मधला पियानो (१९५९) म्हणून जग त्याला ओळखते. क्लाउस ओगरमन या जर्मन संयोजकाबरोबर त्याने १९६५ साली बाख, शोपाँ, फोरे, स्क्रियाबिन यांच्या रचनांवर एक तबकडी केली. ती देखणी आहे, पण तिथे वाटणी स्पष्ट दिसते. आधी ऑर्केस्ट्रा मूळ धून मांडतो, मग बाजूला होतो आणि त्रिकूट वाजवते. ऑर्केस्ट्रा आणि त्रिकूट शेजारीशेजारी आहेत, सोबत नाहीत.

पुढची पायरी एका यंत्रामुळे आली. फेंडर ऱ्होड्स या इलेक्ट्रिक पियानोत तारा नसतात. हातोडी पोलादाच्या एका बारीक काडीवर पडते, काडी थरथरते आणि शेजारचे चुंबकीय पिकअप ते कंपन विजेत पकडते. हलक्या हाताने वाजवला तर त्याचा नाद जवळपास निखळ, घंटेसारखा, बासरीच्या जवळ जाणारा. जोरात मारला की तोच गुरगुरतो. साध्या पियानोच्या प्रत्येक स्वराला आघाताची धार असते आणि तो ऑर्केस्ट्रातून नेहमी वेगळा उठून दिसतो. ऱ्होड्सला ती धार कमी, म्हणून तो बासऱ्या आणि व्हायोलिनच्या स्वरांत विरघळतो. ऑर्केस्ट्रासमोर पियानोवाल्याला तोवर फक्त नायक होता येत होते. ऱ्होड्समुळे प्रथमच त्याला वाद्यवृंदातला एक वादकही होता आले.

इव्हान्सने हे ओळखले. १९६९–७० मध्ये मुद्रित झालेल्या 'फ्रॉम लेफ्ट टू राइट'मध्ये त्याच्यापाशी साधा स्टाइनवे आणि ऱ्होड्स असे दोन्ही पियानो होते आणि ऑर्केस्ट्राचे संयोजन मिकी लेनर्डचे होते. त्यातली 'द डॉल्फिन' ही लुईस एसा यांची रचना दोनदा येते, एकदा ऑर्केस्ट्राशिवाय आणि एकदा ऑर्केस्ट्रासह. संयोजनाने काय दिले आणि काय झाकले, हे इतक्या उघडपणे दाखवणारी दुसरी तबकडी मला माहीत नाही. खरे सांगायचे तर पहिली आवृत्ती अधिक मोकळी आहे. तरीही दोन पियानोंमधला इव्हान्सचा विवेक इथेच घडताना दिसतो. ऱ्होड्स त्याच्यासाठी जोडवाद्य होते, पियानोचा पर्याय कधीच नव्हते.

मग आले 'सिंबायोसिस'. ओगरमनची ही रचना फेब्रुवारी १९७४ मध्ये न्यूयॉर्कला मुद्रित झाली. बासवर एडी गोमेझ, ड्रम्सवर मार्टी मोरेल. कंपनी एमपीएस, जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या फिलिंगन गावची. लोकप्रिय गाण्यांची मांडणी इथे नाही. ही सुमारे चाळीस मिनिटांची, दोन भागांची सलग रचना आहे. पहिल्या भागात लय सतत बदलते, पितळी वाद्ये आणि सॅक्सोफोन तुकड्यातुकड्यांनी उसळतात आणि इव्हान्स साध्या पियानोवरून इलेक्ट्रिकवर जातो तो बदल कानाला जाणवत नाही, कारण त्या क्षणी ऑर्केस्ट्राचाही रंग पालटलेला असतो. ओगरमनने लयीच्या पेचाला समोरून धडक दिलेली नाही. जिथे त्रिकूट स्विंग करते तिथे त्याने व्हायोलिनांना लांब, स्थिर स्वर दिले. उशिरा येण्याची त्यांची सवय अशा जागी दोष न राहता खोली होते. आणि जिथे ऑर्केस्ट्रा धावतो, तिथे पियानो श्वास घेतो. दुसरा संथ भाग मुख्यतः साध्या पियानोचा आहे. स्वरमेळ इतके सावकाश सरकतात की इव्हान्सची उपज कुठे सुरू होते आणि लिहिलेले कुठे संपते, ते सांगता येत नाही. या कलेत यापेक्षा मोठी गोष्ट मला ठाऊक नाही.

त्याच सुमारास ब्राझीलच्या युमिर देओदातोने ऱ्होड्स आणि ऑर्केस्ट्रा घेऊन रिचर्ड श्ट्राउसच्या 'झरथुष्ट्र'चा सूर थेट अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर नेला. ते चमकदार आहे, पायही ठेका धरतात, पण ऑर्केस्ट्रा तिथे फक्त रोषणाई आहे.

त्यानंतर वाट पुढे गेली नाही, उलट विभागली गेली. पियानोवादक चिक कोरियाची 'स्पेन' ही रचना सत्तरच्या दशकात ऱ्होड्सवरच जन्मली. तीच त्याने १९९९ साली लंडन फिलहार्मोनिकबरोबर मांडली तेव्हा साधा पियानो निवडला. प्रतिष्ठित सभागृहात विजेचे वाद्य शोभत नाही, हा संकोच आजही अनेकांच्या मनात आहे, आणि तो मला खटकतो. त्यात एक खरी अडचणही आहे: सभागृहात व्हायोलिनचा नाद भिंतींवरून फिरून येतो, ऱ्होड्सचा मात्र एका स्पीकरमधून सरळ अंगावर येतो. स्पीकर वादकांमध्ये बसवणे आणि आवाज ऑर्केस्ट्राच्या मापाने ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे. तो करायला पुरेशा तालमी लागतात, आणि त्यांच्यासाठी पैसे मोजायला आयोजक तयार नसतात.

म्हणूनच नेदरलँड्सचा मेट्रोपोल ऑर्केस्ट्रा महत्त्वाचा. १९४५ साली स्थापन झालेल्या या वाद्यवृंदात व्हायोलिने, बिगबँडची वाद्ये आणि ड्रम्स-बास कायम एकत्र असतात. स्नार्की पपी या बँडबरोबर त्यांनी केलेल्या 'सिल्वा'मध्ये (२०१५) इलेक्ट्रिक कीबोर्ड आणि व्हायोलिने एकाच ठेक्यावर चालतात. लयीचा पेच तिथे उरतच नाही, कारण ते वादक रोज दोन्ही भाषा बोलतात. मुंबईच्या फिल्म स्टुडिओंमधल्या गोव्याच्या वादकांनी हे फार आधी करून दाखवले होते. त्यांच्यापैकी चिक चॉकलेट हॉटेलात जॅझ ट्रंपेट वाजवत, आणि सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'च्या (१९५१) संगीतातही त्यांचा हात होता. अशा वादकांना स्विंग शिकवावा लागत नसे.

तरीही 'सिल्वा' ऐकताना ओगरमनची उणीव जाणवते. ताकद आहे, ठेका आहे, पण सारे सतत बोलत असतात. ओगरमनने २००८ साली पियानोवादक दानिलो पेरेझसाठी 'अक्रॉस द क्रिस्टल सी'चे संयोजन केले तेव्हा त्याची जुनी लेखणी शाबूत होती. पियानो मात्र एकच होता, साधा. २०१६ साली ओगरमन गेला. ऱ्होड्सवर हुकमत असलेले पियानोवादक आज कितीतरी आहेत. त्यांच्यासाठी चाळीस मिनिटांची मोकळी जागा राखून लिहिणारा संगीतकार आणि त्याला पुरेशा तालमी देणारे व्यवस्थापन, हे दोघे अजून एकत्र भेटलेले नाहीत.