संच पूर्ण झाला म्हणजे नेमकं काय झालं?

टॉप्स कंपनीचा १९५२चा बेसबॉल कार्डांचा संच हे माझ्या मते ४०७ पानांचं पुस्तक आहे, पण गाजतं त्यातलं एकच पान: ३११ क्रमांकाचं, मिकी मँटलचं. २०२२ साली त्याची एक जवळपास निर्दोष प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली. गंमत म्हणजे हे त्या संचातलं सर्वात दुर्मीळ कार्ड नाही. शेवटच्या मालिकेत मँटलचं कार्ड इतरांच्या दुप्पट छापलं गेलं होतं. मँटलचं ते पहिलं कार्डही नव्हे. पहिलं १९५१ साली बोमन या दुसऱ्या कंपनीनं काढलं होतं. किंमत मिळते ती नावाला आणि दंतकथेला.

आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि गेली काही वर्षं घरात हा संच जमवतो आहोत: नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि मी. झिजलेल्या कोपऱ्यांची, मधोमध दुमडलेली, पाठीवर जुन्या चिकटवहीचा डिंक असलेली कार्डं आम्ही घेतो, कारण परवडतात तीच. ३११ ते ४०७ ही शेवटची मालिका तर फाटक्या अवस्थेतही आवाक्याबाहेर आहे. म्हणून ३१० वर थांबायचं असं घरात ठरलंय. तेव्हा ‘पूर्ण’ या शब्दाचा विचार करणं मला भागच होतं.

आधी संचाचं कौतुक. साय बर्गर आणि वुडी गेलमन यांनी ब्रुकलिनमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून या कार्डांचा आराखडा केला. च्युइंगमबरोबर मिळणारी वस्तू, पण विचार पक्का होता. आधीच्या कार्डांपेक्षा मोठा आकार, रंगवलेला फोटो, संघाचं चिन्ह, खेळाडूची सही. मागे जन्मतारीख, उंची, वजन, थोडी माहिती, आणि आकड्यांच्या दोन ओळी: एक गेल्या हंगामाची, दुसरी आख्ख्या कारकिर्दीची. एका तळहातावर मावणारं चरित्रच. आपल्याकडे च्युइंगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची, ती जमवलेल्या कुणालाही ही ओढ समजेल.

झीजसुद्धा वाचता येते. पहिलं कार्ड अँडी पाफ्कोचं. मुलं गठ्ठ्याला रबरबँड लावायची, वरच्या पाफ्कोला त्याचे वळ पडायचे. म्हणून हा चांगला पण दंतकथा नसलेला खेळाडू स्वच्छ अवस्थेत फार महाग मिळतो. आणि शेवटची मालिका महाग का? ती बाजारात आली तेव्हा हंगाम संपत आला होता, मुलांचं लक्ष फुटबॉलकडे वळलं होतं. माल पडून राहिला. बर्गर सांगायचे की १९६० साली त्यांनी ती खोकी बोटीत भरून अटलांटिक महासागरात बुडवली. आजची दुर्मीळता अशी कालच्या न खपलेल्या मालातून आली आहे.

आता तक्रार. संच पूर्ण झाला असं आपण म्हणतो, तेव्हा कंपनीची यादी संपलेली असते, एवढंच. १९५० ते १९५२ अशी सलग तीन वर्षं नॅशनल लीगमध्ये फलंदाजीच्या सरासरीत पहिला आलेला स्टॅन म्युझियल या संचात नाही. टेड विल्यम्स नाही. कोणाचं कार्ड निघेल हे खेळापेक्षा करारांवर अवलंबून होतं. १९८३ साली टॉप्सनं स्वतःच हा संच पुन्हा छापला, तेव्हा पाच खेळाडूंची कार्डं वगळावी लागली आणि ४०२च निघाली. यादी करणाऱ्यालाच ती पूर्ण करता आली नाही.

खरी उणीव मात्र मागच्या बाजूला आहे, आणि ती माझ्या मुलीमुळे माझ्या लक्षात आली. २६ क्रमांकाचं मॉन्टी अर्विनचं कार्ड ती वाचत होती. जन्म १९१९, मोठ्या लीगमधला पहिला हंगाम १९४९. तिनं विचारलं, ‘‘आई, तीस वर्षांचा होईपर्यंत हा काय करत होता?’’

तो खेळत होता. आमच्यापासून जवळच, न्यूआर्क ईगल्स या निग्रो लीगमधल्या संघाकडून. मधली काही वर्षं सैन्यात गेली. १९४६ साली ईगल्सनं निग्रो वर्ल्ड सीरिज जिंकली, तेव्हा अर्विन त्या संघात होता आणि लॅरी डोबीही होता. डोबीचं कार्ड २४३. दोघं या संचात आहेत, पण ते एका संघातले सोबती होते हे आकड्यांच्या ओळींतून कळत नाही. वर्णभेदामुळे मोठ्या लीगचं दार बंद होतं, आणि दाराबाहेरचा खेळ अधिकृत नोंदीत धरला जात नव्हता. ‘कारकीर्द’ म्हणून छापलेली ओळ या माणसांच्या बाबतीत फक्त उत्तरार्ध सांगते. १९५१ साली अर्विननं १२१ धावा घडवून नॅशनल लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. एवढा तयार खेळाडू अचानक कुठून आला, हा प्रश्न साहजिक आहे. कार्ड त्याला उत्तर देत नाही.

अमेरिकी बेसबॉलनं निग्रो लीगला मोठ्या लीगचा दर्जा दिला तो २०२० साली, आणि ते आकडे अधिकृत नोंदींत मिसळले २०२४ साली. आज कारकिर्दीच्या सरासरीत सर्वांत वर जॉश गिब्सनचं नाव आहे. तो जानेवारी १९४७ मध्ये वारला, जॅकी रॉबिन्सन मोठ्या लीगच्या मैदानात उतरण्याच्या तीन महिने आधी. त्याचं कार्ड या संचात असणं शक्यच नव्हतं. ते शोधून मिळणार नाही, कितीही पैसे टाकले तरी.

मग हा छंद करावा का? माझं मत: जरूर करावा, पण कार्ड उलटून बघायची सवय असेल तर. घरातल्या सगळ्यांनी मिळून गठ्ठा चाळण्याचा फायदा हाच की प्रत्येकाचा प्रश्न वेगळा असतो. नवरा छपाई बघतो, मी नावं, मुलगी वयं मोजते. बंद डबीतलं महागडं कार्ड मुलाच्या हातात कोणी देत नाही. आमचं दुमडलेलं कार्ड तिच्या हातात होतं, म्हणून तो प्रश्न आला. १९५२चा संच उत्तम आहे आणि अपुरा आहे. आमच्या वहीत २६ आणि २४३ आता एका पानावर ठेवलेत. क्रमांकांचा क्रम त्यामुळे बिघडला, आणि नवऱ्याला ते अजून पटलेलं नाही.