सूड कोणाचा? : युद्धपटातील एका प्रसंगाविषयी

‘त्याने भावाचा सूड घेतला’ हे मराठी वाक्य द्व्यर्थी आहे. भाऊ मारला गेला म्हणून कोणी शस्त्र उचलले, असा त्याचा अर्थ होतो. तसेच भावावरच शस्त्र चालविले, असाही होतो. अन्याय सोसणारा आणि सूडाचे लक्ष्य, या दोघांनाही षष्ठीचा प्रत्यय एकाच जागी बसवितो व निर्णय संदर्भावर सोपवितो. युद्धपटांतील सूडाच्या उग्र हिंसेचे नैतिक समर्थन होऊ शकते काय, या प्रश्नाकडे वळताना ही संदिग्धता ध्यानात ठेवणे इष्ट आहे. ज्यांच्यासाठी सूड घ्यावयाचा ते आणि ज्याच्यावर घ्यावयाचा तो, यांच्यातील संबंध चित्रपटाने दाखविला आहे की नुसता गृहीत धरला आहे, हे पाहिल्यावाचून समर्थनाची वा निषेधाची भाषा व्यर्थ होय.

क्वेंटिन टॅरंटिनो यांच्या ‘इनग्लोरियस बास्टर्ड्‌स’ (२००९) या चित्रपटात ज्यू-अमेरिकन सैनिकांची एक तुकडी नाझीव्याप्त फ्रान्समध्ये जर्मनांची शिकार करते. पकडलेला राख्टमन नावाचा सार्जंट आपल्या सहकाऱ्यांचे ठिकाण नकाशावर दाखविण्यास नकार देतो. छातीवरचे पदक ज्यूंना मारल्याबद्दल मिळाले काय, असे डोनोविट्झ त्याला विचारतो. शौर्याबद्दल, एवढेच तो सांगतो. मग बेसबॉलच्या दांडक्याने त्याचे मस्तक फोडले जाते आणि भोवतालचे सैनिक जल्लोष करतात.

त्या एका शब्दाची शहानिशा चित्रपट करीत नाही. राख्टमनने कोणते गुन्हे केले, केले की नाही, हे आपणास अखेरपर्यंत कळत नाही. त्याचा गणवेशच येथे षष्ठीच्या प्रत्ययाचे काम करतो. साठ लक्ष ज्यूंच्या हत्येनंतर पडद्यावर एकदा तरी ज्यू माणूस प्रहार करणारा दिसावा, ही इच्छा मला मुळीच क्षुद्र वाटत नाही. जर्मन सैन्य त्या हत्याकांडात सहभागी होते, हेही निर्विवाद आहे. परंतु मरणारा येथे निःशस्त्र कैदी आहे, आणि युद्धकैद्यांवर प्रतिशोधाची कृत्ये करण्यास १९२९ च्या जिनीव्हा करारानेच मनाई केली होती.

या चित्रपटाचे चाहते एक चतुर बचाव करतात. शेवटी पॅरिसच्या चित्रगृहात हिटलर व त्याचे सहकारी एका जर्मन नेमबाजाचे पराक्रम पाहून आनंदित होतात, आणि तेच चित्रगृह पेटते. म्हणजे आमच्याच आनंदापुढे आरसा धरला आहे, असे ते म्हणतात. डोनोविट्झची मारहाण पाहणे म्हणजे जवळजवळ सिनेमा पाहणेच, अशा आशयाचे उद्गार तुकडीप्रमुखाच्या तोंडी आहेतच. बचाव अर्धा खरा आहे. दिग्दर्शकाला सारे ठाऊक आहे. मात्र ठाऊक असूनही तो आपल्याला आधी मेजवानी वाढतो, आणि आरसा हात धुताना दाखवितो.

याउलट, संबंध पूर्णपणे सिद्ध झालेला असूनही हात आखडणारा एक युद्धपट आहे : एलेम क्लिमोव्ह यांचा ‘इदी इ स्मात्री’, म्हणजे ‘ये आणि पाहा’ (१९८५). काळ १९४३, स्थळ बेलारूस. रहिवाशांसह जाळल्या गेलेल्या ६२८ गावांचा उल्लेख चित्रपटाच्या शेवटी येतो. फ्लोरा या पोरसवदा मुलाच्या डोळ्यांदेखत गावकऱ्यांना लाकडी इमारतीत कोंडून पेटविले जाते. पुढे गुन्हेगार पकडले जातात, त्यांच्यावर पेट्रोलही ओतले जाते. पण आग लावण्यापूर्वीच जमाव त्यांना गोळ्या घालतो. मृत्युदंड टळत नाही, त्याचा उत्सव तेवढा टळतो. कॅमेरा या क्षणी प्रेक्षकाला चवीने पाहण्याजोगे काही देत नाही.

त्यानंतर फ्लोरा डबक्यात पडलेल्या हिटलरच्या तसबिरीवर गोळ्या झाडू लागतो. प्रत्येक गोळीसरशी जुनी वृत्तचित्रे उलट्या क्रमाने धावतात, मोर्चे मागे सरकतात, आणि शेवटी आईच्या मांडीवरचे एक तान्हे मूल उरते. तेथे त्याची बंदूक थांबते. त्याने क्षमा केली असे समजण्याचे कारण नाही; लगेच तो धावत जाऊन रानातून चाललेल्या आपल्या लढवय्यांच्या रांगेत मिसळतो.