डब्लिनच्या घंटा आणि बॅक लेन

आयर्लंडच्या नाताळ-संगीताची एकच ध्वनिमुद्रिका निवडायची झाली तर मी 'द बेल्स ऑफ डब्लिन' निवडीन. चीफ्टन्स या वाद्यवृंदाने ती १९९१ साली काढली. डब्लिनच्या क्राइस्ट चर्च कॅथीड्रलच्या घंटांनी ती सुरू होते. पुढे पाइप, फिडल, बासरी आणि हार्प यांच्या संगतीला अनेक पाहुणे गायक येतात. नाताळच्या नावाखाली मऊमुलायम 'केल्टिक' सुरांचा जो माल अमेरिकेतून दरवर्षी बाजारात येतो, त्याहून ही मुद्रिका फार वेगळी आहे. तिला धार आहे. जॅक्सन ब्राऊन यांचे 'द रेबेल जीझस' हे गाणे देवळातल्या व्यापाऱ्यांना हुसकावणाऱ्या येशूला त्याच्या नावाने मेजवान्या झोडणाऱ्यांसमोर उभे करते. सुखवस्तू समाजाने सणाच्या दिवशी वाटलेल्या दानाचा हिशेब ते मागते. नाताळच्या मुद्रिकेत असे गाणे यावे ही साधी गोष्ट नाही.

तरीही ही मुद्रिका ऐकताना एक प्रश्न मनातून जात नाही. अशा मुद्रिकांच्या वेष्टनावर पुष्कळ चालींपुढे 'पारंपरिक' असा शब्द छापलेला असतो आणि त्यापुढे मांडणी करणाऱ्याचे नाव. पारंपरिक म्हणजे कोणाचे? सगळ्यांचे, असे उत्तर प्रस्थापित समीक्षा देते. ते उत्तर सोयीचे आहे. जे सगळ्यांचे असते त्याचे मोल कोणालाच द्यावे लागत नाही.

'वेक्सफर्ड कॅरल' हे या सणाचे सर्वांत प्रसिद्ध आयरिश गीत. एनिसकॉर्थी येथील कॅथीड्रलचे ऑर्गनवादक विल्यम ग्रॅटन फ्लड यांनी ते एका स्थानिक गायकाच्या तोंडून टिपून घेतले आणि १९२८ च्या 'ऑक्सफर्ड बुक ऑफ कॅरल्स'मध्ये ते आले. फ्लड यांचे नाव गाण्याबरोबर जगभर फिरते. ज्याच्या गळ्यातून गाणे निघाले त्याचे नाव फिरत नाही. त्याच परगण्यात किलमोर गावी नाताळला कॅरल गाण्याची फार जुनी प्रथा आहे. सहा गायक दोन गटांत उभे राहून वाद्याविना आळीपाळीने कडवी म्हणतात. त्या परंपरेच्या मुळाशी असलेल्या रचनांचे कर्ते मात्र आपल्याला ठाऊक आहेत. ल्यूक वॉडिंग यांचे पुस्तक १६८४ साली गेंट येथे छापले गेले, आणि विल्यम डेव्हरू यांनी आपला संग्रह १७२८ साली सिद्ध केला. कॅथलिकांना छळ सोसावा लागत होता त्या काळातल्या या रचना आहेत, त्यामुळे त्यांच्यातली वेदना खरी आहे. पण पहिले बिशप होते आणि दुसरे पाद्री. लेखणी ज्याच्या हाती, नाव त्याचे.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, 'रेन डे' येतो. चिमुकल्या रेन पाखरावर संत स्टीफनचा घात केल्याचा आळ घेऊन पूर्वी पोरे त्याला मारीत, काठीला बांधीत आणि दारोदार गात पैसे मागीत. आता खरे पाखरू मारीत नाहीत. डिंगलसारख्या गावात आजही गवताचे पोशाख घालून मिरवणुका निघतात. या मिरवणुकीचे वाद्य म्हणजे बोराँ, बकऱ्याच्या कातड्याचा हातात धरायचा चपटा डफ. शिष्ट संगीतात त्याला जागा नव्हती. वर्षातून एकदा दारात वाजायचे आणि परत भिंतीला टांगून ठेवायचे. १९६० च्या सुमारास शॉन ओ रियाडा यांनी तो आपल्या वाद्यवृंदात आणला आणि सभागृहात बसवला. मोलोनी त्याच वृंदातले. आज बोराँशिवाय आयरिश संगीताची कल्पनाही कोणी करीत नाही. हे वाचताना आपल्या वाचकांना हलगी आठवली तर त्यात नवल नाही. पण वाद्य सभागृहात गेले म्हणून ते वाजवीत दारात उभा राहणारा माणूसही आत गेला, असे होत नाही.

त्याचा पुरावा क्राइस्ट चर्चच्या शेजारीच आहे. जॉनी डोरन हे ट्रॅव्हलर जमातीतले पाइपवादक. ट्रॅव्हलर म्हणजे आयर्लंडमधली भटकी जमात. पत्र्याची भांडी घडविणे, त्यांना डाग देणे, घोड्यांचा व्यापार ही त्यांची कामे, आणि 'टिंकर' ही त्यांना मिळालेली शिवी. डोरन घोड्याच्या गाडीतून गावोगाव हिंडत आणि जत्रेत, शर्यतींच्या मैदानावर उभ्याने पाइप वाजवीत. कोपराखाली भाता दाबून वाजवायचे हे वाद्य बसून वाजवायची रीत आहे, पण रस्त्यावरच्या वादकाला बैठक कोण देणार? विली क्लॅन्सी यांच्यासारखा थोर वादक त्यांना ऐकून घडला. १९४७ साली आयरिश लोकसाहित्य आयोगाचे केविन डॅनहर यांनी त्यांच्या काही चाली तबकड्यांवर उतरवून घेतल्या. पुढच्याच वर्षी, ३० जानेवारी १९४८ रोजी, क्राइस्ट चर्चजवळच्या बॅक लेनमध्ये त्यांची गाडी उभी असताना तिच्यावर भिंत कोसळली. ते कमरेखाली लुळे झाले आणि १९५० साली गेले. वय जेमतेम बेचाळीस. त्या तबकड्या ऐकाव्यात. द्रुत रीलमध्ये सूर एकमेकांत ओतले जातात, आणि खालचे रेग्युलेटर मध्येच असे ठोके देतात की दुसरा कोणी साथ करतो आहे असे वाटावे. हे अडाणी प्रतिभेचे चमत्कार नव्हेत. डोरन हे जॉन कॅश या नामांकित पाइपवादकाचे पणतू होते. घराण्याची विद्या होती ती.

पाइपवादकांच्या जगात डोरन यांना मान आहे, असे कोणी म्हणेल. आहे, आणि तो भरपूर आहे. पण १९६३ साली आयरिश सरकारच्या आयोगाने भटकेपणा हीच समस्या ठरवून या लोकांना 'स्थिर' समाजात विरघळवण्याची शिफारस केली तेव्हा त्या आयोगात एकही ट्रॅव्हलर नव्हता. ज्या जॉन राइली यांच्याकडून क्रिस्टी मूर यांनी 'द वेल बिलो द व्हॅली' घेतले आणि प्लँक्स्टीने १९७३ साली ते गाजवले, ते ट्रॅव्हलर गायक १९६९ सालीच न्यूमोनियाने, हलाखीत वारले होते. मूर यांनी त्यांचे नाव कधी लपवले नाही, हे नोंदवले पाहिजे. ट्रॅव्हलरांना स्वतंत्र वांशिक समूह म्हणून राज्याची मान्यता मिळायला १ मार्च २०१७ उजाडावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरात युनेस्कोने या पाइपवादनाला मानवजातीचा वारसा म्हटले. २०२२ च्या जनगणनेत ट्रॅव्हलरांची संख्या ३२,९४९ भरली, आणि २०१० च्या आरोग्य-पाहणीनुसार त्यांच्या पुरुषांचे आयुर्मान इतरांपेक्षा पंधरा वर्षांनी कमी होते.

राहिले पोग्ज आणि कर्स्टी मॅकॉल यांचे १९८७ चे 'फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क'. पांढरपेशा कानांना ते ओंगळ वाटते. ते गाणे कोठडीतल्या दारुड्याचे आहे, परदेशात मोडून पडलेल्या दोघांच्या भांडणाचे आहे. माझ्या मते सणाचे सर्वांत प्रामाणिक आयरिश गाणे तेच. त्यात माणसे शिव्या देतात, एकमेकांचे स्वप्न हिरावल्याचा आरोप करतात आणि तरी एकमेकांना सोडीत नाहीत. २०२३ च्या डिसेंबरात शेन मॅकगोवन यांच्या अंत्यविधीला नीना गावच्या चर्चमध्ये ते वाजले, आणि लोक वेदीसमोर नाचले.