मलिक अंबरचा पांढरा जामा

मलिक अंबरवर मराठीत लिहिले जाते तेव्हा तीन गोष्टी सहसा चुकत नाहीत: गनिमी कावा, जमीनधाऱ्याची पद्धत आणि खडकीची नहर. तो हबशाणातून गुलाम म्हणून विकला गेला, हे पहिल्याच परिच्छेदात उरकले जाते. त्या परिच्छेदात हबशाण हा देश नसतो, नुसता बाजार असतो. तिथली माणसे काय विणत, काय नेसत, कोणाशी व्यापार करत, याची चौकशी आपण करत नाही. परिणामी अंबरची संस्कृती दख्खनमध्ये पाऊल ठेवल्यावरच सुरू होते, असा समज पक्का होतो. कापडाचा पुरावा या समजाच्या विरुद्ध जातो.

मालीतील बांदियागाराच्या कड्यांमधल्या गुहांत 11व्या-12व्या शतकातील तेल्लेम लोकांची सुती आणि लोकरी वस्त्रे सापडली. अरुंद पट्ट्या विणून त्या कडेला कड जोडून शिवलेल्या आहेत आणि काहींत निळीने रंगवलेले सूत आहे. हे झाले पश्चिम आफ्रिकेचे. पूर्व किनाऱ्यावर 1331 च्या सुमारास इब्न बतूता मोगादिशूला उतरला. त्या शहराच्या नावाने ओळखले जाणारे कापड मिसरपर्यंत जाते, असे त्याने नोंदवले. दक्षिणेकडच्या किल्वा बंदराच्या उत्खननात सूतकताईच्या चकत्या मिळाल्या. म्हणजे कातणारे हात तिथेही होते.

मग आपल्याकडचे कापड तिकडे कशाला जात होते? याचे सर्वांत बोलके उत्तर दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीज लेखकाने 16व्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सोफाळ्याविषयी लिहून ठेवले आहे. तिथले लोक कापूस पिकवत, पांढरे कापड विणत; पण रंगाची सोय त्यांच्याकडे नव्हती. म्हणून ते खंबायतचे रंगीत कापड घेत, त्याचे धागे उकलत आणि आपल्या पांढऱ्या सुताबरोबर पुन्हा विणत. या नोंदीचा आपल्याकडे पुरेसा विचार झालेला नाही. अंग झाकायला मिळेल ते घेणारा माणूस तयार कापड उकलत बसत नाही. ज्याच्या मनात स्वतःचा नमुना तयार असतो, तोच ते काम करतो. आपला माल त्याच्या दृष्टीने कच्चा माल होता.

याच व्यापाराची दुसरी बाजू मात्र अभिमान वाटावा अशी नाही. इथिओपियाच्या सरदार-दरकदारांना भारतीय कापड प्रतिष्ठेसाठी हवे असे आणि मोबदल्यात सोने, हस्तिदंत यांबरोबर माणसेही दिली जात. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी दख्खनमधील हबशी गुलामांचा संबंध या मागणीशी जोडून दाखवला आहे. ‘भारतीय कापडाने जग जिंकले’ असे दिवाळी अंकांतून आपण हौसेने लिहितो. त्या वाक्याला ही पुस्ती जोडायला हवी: त्या कापडाच्या किमतीत माणसेही मोजली गेली.

आता दोन चित्रे पाहू. दोन्ही मुघल दरबारातील. अबुल हसनने 1616 च्या सुमारास काढलेल्या चित्रात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या शिरावर बाण सोडतो आहे. शिरावर घुबड आहे. प्रत्यक्षात अंबर मुघलांच्या हाती कधीच लागला नाही. तो 1626 मध्ये आपल्या मृत्यूने गेला. हाशिमच्या 1620 च्या सुमाराच्या चित्रात तोच अंबर पांढरा जामा घालून, कमरेला पटका बांधून सबंध उभा आहे. पहिल्या चित्राची चर्चा राजकीय रूपक म्हणून होते, दुसऱ्याची हुबेहूबपणासाठी. मला या दोहोंतला फरक वस्त्राचा वाटतो. अपमान करायचा तेव्हा चित्रकाराने धड काढून टाकले आणि धडाबरोबर पोशाख, पद, प्रतिष्ठा सगळेच गेले. हाशिमला माणूस दाखवायचा होता, म्हणून त्याला जाम्याची प्रत्येक चुणी जपावी लागली. आपल्या पुस्तकांतला पहिला परिच्छेद नकळत अबुल हसनचे चित्र गिरवतो: हबशाणातल्या अंबरला आपण वस्त्राविना, देशाविना उभे करतो.

सोनाळ्यासारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या, कापूस पिकवणाऱ्या गावातून पाहताना हा विषय परका वाटत नाही. 1620 मध्ये अंबरच्या सैन्याने मुघलांना मेहकरहून बाळापूरकडे आणि तिथून बऱ्हाणपूरपर्यंत मागे रेटले. या मोहिमेच्या वाटा आमच्याच मुलखातल्या. बोंड आमच्याकडे फुटते, सूत आणि भाव दुसरीकडे ठरतात, हे इथल्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. ज्याला जग फक्त कच्च्या मालाचा धनी समजते, त्याने तरी दुसऱ्याच्या मुलखाला नुसता बाजार समजू नये. अंबरचे पुढचे मराठी चरित्र खंबायतचे धागे उकलणाऱ्या त्या आफ्रिकी हातांपासून सुरू व्हावे. गुलामांचा बाजार त्यानंतरच्या प्रकरणात येऊ द्यावा.