ठिणग्यांची फुलं

लहानपणी वडिलांबरोबर गडहिंग्लजच्या आठवडी बाजाराला यायचो, तेव्हा आमचं पहिलं काम लोहाराकडं असायचं. खुरपी, विळे, उसाचे कोयते त्याच्यापुढं टाकायचे आणि बाजार आटपून जाताना पाणी दिलेले, धार लावलेले परत न्यायचे. मी बाजारात जायचोच नाही, भट्टीपाशी बसून राहायचो. लोहाराची बायको भाता ओढायची आणि कोपऱ्यातल्या रेडिओवर सांगली आकाशवाणी चालू असायची. ‘ऐरणीच्या देवा’ मी पहिल्यांदा तिथं ऐकलं.

हे गाणं भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ (1965) या चित्रपटातलं. शब्द जगदीश खेबुडकरांचे. खेबुडकर आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातले, पेशानं शिक्षक. चाल ‘आनंदघन’ या नावानं लता मंगेशकरांनी दिली आणि गायलंही त्यांनीच. आजही ते वाजलं की माणसं हातातलं काम क्षणभर थांबवतात. का थांबवतात, याचं एक उत्तर मला फार उशिरा, ज्ञानेश्वरीच्या पारायणात मिळालं.

गाण्याच्या सुरुवातीलाच लोहारीण ऐरणीच्या देवाला ठिणग्या वाहते. ‘वाहणे’ हे क्रियापद नीट ऐकावं. आपण देवाला फुलं वाहतो, बेल वाहतो, तुळस वाहतो. दिवा मात्र लावतो आणि नैवेद्य दाखवतो. म्हणजे ठिणगीला हे क्रियापद जोडताच ठिणगीचं फूल झालं. ‘फूल’ हा शब्द खेबुडकरांना उच्चारावाही लागला नाही.

आणि पारायणात अठरावा अध्याय आला. आपापल्या कर्मानं परमेश्वराची पूजा करून माणूस सिद्धी मिळवतो, असं गीतेचा श्लोक सांगतो आणि थांबतो. त्यात फुलं नाहीत. ती ज्ञानदेवांनी आणली. आपलं विहित कर्म हीच फुलं, आणि त्या फुलांनी केलेली पूजा त्या सर्वात्मक ईश्वराला अपार तोष देते, असं ते म्हणतात. ती ओवी कानावर पडली आणि माझ्यापुढं बाजारातली भट्टी उभी राहिली. ज्ञानेश्वरी 1290 सालची, गाणं 1965 चं. पावणेसातशे वर्षांनी ती फुलं तापलेल्या लोखंडातून उडाली! खेबुडकरांनी ओवी समोर ठेवून गाणं लिहिलं, असं मी म्हणत नाही. ज्या मातीत सप्ताह आणि भजन रोजचंच, तिथल्या कवीला ओवी आठवावी लागत नाही.

आपल्या धंद्याच्या भाषेत देवाशी बोलायची रीत संतांचीच. नरहरी सोनार देहाची बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी करतात, तीत नामाचं सोनं तापवतात. सेना न्हावी विवेकाचा आरसा दाखवतात. पण तिथं हत्यारं हळूहळू रूपकात विरतात, सोनाराचं दुकान मागं पडतं आणि अध्यात्म उरतं. या गाण्यातली ऐरण शेवटपर्यंत लोखंडाचीच राहते. म्हणून मला हे गाणं सावता माळ्यांच्या अधिक जवळचं वाटतं. त्यांना कांदा, मुळा, भाजी यांतच विठाई दिसली आणि भाजी भाजीच राहिली.

ऐरण तुकोबांच्या गाथेतही आहे. ऐरणीवर ठेवून घण घातला तरी जो फुटत नाही तो खरा हिरा, असं ते सांगतात. तिथं ऐरण परीक्षा घेते. गाण्यात घावावर घाव बसणार, हे त्या बाईला पक्कं ठाऊक आहे. तरी ती घाव चुकवायला सांगत नाही, सोसायचं आणि झुंजायचं बळ मागते. परीक्षा घेणाऱ्या ऐरणीलाच तिनं देव केलं आणि पास होण्याची ताकद तिच्याकडंच मागितली. तुकोबांनीही देवाकडं मागणं मागताना मुक्ती आणि धनसंपदा बाजूला ठेवली होती. ही गरिबीचा दागिना करून मिरवते आणि अब्रूचं जिणं मागते. धनी मात्र तिला वाघासारखा हवा. या एका मागणीनं ती संतांच्या पंगतीतून उठून पुन्हा आपल्या संसारात येते, आणि मला ती तिथंच सर्वांत मोठी वाटते.

एका कडव्यात लक्ष्मीची चवरी आणि भात्याचा सूर शेजारी शेजारी येतात. चवरी जशी हलते तसाच भाताही हलतो. ती लय ज्यानं पाहिली आहे, त्याला ही कल्पना दरबारी वाटणार नाही. समोर बसलेल्या त्या भातेवालीचा हात मला दर वेळी आठवतो.

आमच्या गडहिंग्लजच्या कानाला यात आणखी एक सूर लागतो. हा सीमाभाग, लिंगायत घरं पुष्कळ, आणि बाराव्या शतकातल्या बसवण्णांची शिकवण इथं कानडी वचनांतून घरातच येते: काम हाच कैलास. माझ्या लेखी ओवी, अभंग, वचन आणि सिनेमाचं गाणं हे सगळं त्या एका भट्टीभोवती बसतं.

खंडेनवमीला लोहार भट्टी पेटवत नसे. ऐरण धुऊन हळदकुंकू लावायचा, घणासांडशीवर झेंडूची फुलं ठेवायचा. एकदा दसऱ्यानंतरच्या बाजारात आम्ही लवकर पोचलो. ऐरणीवरचा सुकलेला झेंडू त्यानं हातानं बाजूला सारला, बायकोनं भाता ओढला, आणि पहिला घाव पडला.