डीबगरमधील प्रोसेसरची ओळख : पुराव्यांच्या तारतम्याचा प्रश्न

आज्ञावलीतील दोष दाखविणारे साधन म्हणून डीबगरला प्रयोगशाळेत जे मानाचे स्थान लाभले आहे, ते त्याच्या साक्षीवरील विश्वासामुळेच होय. ही साक्ष मात्र एका पूर्वनिर्णयावर उभी असते. समोरची आज्ञावली कोणत्या रचनेच्या प्रोसेसरवर व कोणत्या मोडमध्ये चालली आहे, हे डीबगरने आधीच ठरविलेले असते. तो निर्णय चुकला, तर पुढील सर्व साक्ष सुसंगत दिसूनही असत्य ठरते.

‘४८ ८९ डी८’ हे तीन षोडशमान बाइट घ्यावेत. ६४-बिट मोडमध्ये त्यांची एकच आज्ञा होते : आरबीएक्समधील किंमत आरएएक्समध्ये ठेवणे. ३२-बिट मोडमध्ये त्यांच्याच दोन आज्ञा होतात : पहिली ईएएक्समधून एक वजा करते आणि दुसरी ईबीएक्समधील किंमत तेथे ठेवते. दोन्ही वाचने नियमाला धरून आहेत. कोणते खरे, हे बाइटांवरून ठरत नाही.

बारामती व इंदापूर येथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१५ व २०१९ च्या संगणक अभियांत्रिकी अभ्यासक्रमांत द्वितीय वर्षाला सिद्धांत शिकविला जाई तो ८०३८६ या ३२-बिट प्रोसेसरचा. प्रयोग मात्र ६४-बिट असेंब्लीचे. अशा स्थितीत डीबगरने चुकीची रजिस्टरे दाखविली, तर विद्यार्थी दोष स्वतःच्या आज्ञावलीत शोधीत बसणार, हे उघड आहे.

जीडीबी या प्रसिद्ध डीबगरपुढे ओळखीचे तीन पुरावे असतात. पहिला फाइलचा. ईएलएफ फाइलच्या शीर्षभागात रचनेचा क्रमांक असतो : ३ म्हणजे इंटेल ३८६, ६२ म्हणजे एक्स८६-६४, १८३ म्हणजे ६४-बिट एआरएम, २४३ म्हणजे रिस्क-फाइव्ह. दुसरा पुरावा चालू प्रक्रियेचा. लिनक्सवर जीडीबी प्रक्रियेचे सीएस रजिस्टर वाचतो. त्यात षोडशमान ३३ आढळले तर प्रक्रिया ६४-बिट मानतो. तिसरा पुरावा खुद्द लक्ष्य-यंत्रणेने दिलेल्या वर्णनाचा.

यांपैकी पहिला पुरावा हेतू सांगतो, स्थिती नव्हे. दुसरा अधिक जवळचा खरा. परंतु ३३ हा आकडा प्रोसेसरचा नियम नसून कार्यप्रणालीचा संकेत आहे. प्रोसेसरच्या लेखी निर्णायक असतो तो कोड-खंडाच्या वर्णकातील ‘एल’ बिट. स्वतः लिहिलेल्या छोट्या कर्नलमध्ये ३३ चा संकेत पाळला जाईलच असे नाही. उपरोक्त अभ्यासक्रमांतील एका प्रयोगात एमएसडब्ल्यूचा पहिला बिट पाहून प्रोसेसर प्रोटेक्टेड मोडमध्ये आहे की नाही, हे ठरविले जाई. तोही निकष येथे अपुरा पडतो. कारण ६४-बिट मोडमध्येही तो बिट १ च असतो.

क्यूएमूसारख्या अनुकारकाशी दूरस्थ जोडणी केली की ही उणीव ठळक होते. ३२-बिट गृहीत धरून बसलेल्या जीडीबीकडे ६४-बिट रजिस्टरांचा संच आला, तर उत्तर फार लांब आहे म्हणून तो ते नाकारतो. यावर ‘सेट आर्किटेक्चर’ ही आज्ञा हाताने देण्याचा उपाय रूढ आहे. त्याने काम चालते. पण तो ओळखीचा दोष दूर करीत नाही, ओळखण्याची जबाबदारी मात्र वापरणाऱ्यावर टाकतो. ज्याला प्रोसेसरची स्थिती आधीच ठाऊक आहे, त्यालाच तो उपयोगी पडतो.

खरी दुरुस्ती लक्ष्य-वर्णनाच्या पद्धतीत आहे. येथे डीबगर तर्क करीत नाही, विचारतो. आणि लक्ष्य-यंत्रणा आपली रचना व रजिस्टरे एक्सएमएल स्वरूपात कळविते. निवडलेली रचना व कळविलेली रचना जुळत नसतील, तर जीडीबी तसा इशाराही देतो. या पद्धतीचे खरे मोल त्या इशाऱ्यात आहे; कारण विसंगती झाकण्यापेक्षा ती सांगणे हेच साक्षीदाराचे कर्तव्य होय. पद्धत निर्दोष मात्र नाही. वर्णन मुख्यतः जोडणी होताना घेतले जाते. यंत्र १६-बिट मोडमधून ३२ व पुढे ६४-बिट मोडमध्ये जात असता ते वर्णन मागे पडू शकते. मोड बदलताच ओळख पुन्हा तपासली जात नाही, तोवर दुरुस्ती अर्धीच राहते.

एकंदरीत, फाइल काय म्हणते, प्रक्रिया काय दर्शविते आणि यंत्र काय आहे, हे तीन प्रश्न निराळे आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी वापरणे हेच या दोषाचे मूळ. जो विद्यार्थी डीबगरने दाखविलेली रजिस्टरे वाचण्यापूर्वी त्याने कोणती रचना मानली आहे हे विचारावयास शिकतो, त्यालाच त्या साधनाचा खरा उपयोग होईल.