आराखडा उचलला, प्रश्न तिथेच राहिले

आज एक छोटा दस्तऐवज वाचू. ऑक्टोबर २०१२ मध्ये हेन्रिक क्निबर्ग आणि अँडर्स इवार्सन यांनी स्पॉटिफायमध्ये टीम कशा काम करतात यावर काही पानं लिहिली. तेव्हा तिथे ३ शहरांत मिळून ३० पेक्षा जास्त टीम होत्या. स्क्वॉड, ट्राइब, चॅप्टर, गिल्ड हे शब्द या पानांमुळे जगभर पसरले. पुण्यातही आले.

मांडणी थोडक्यात सांगतो. स्क्वॉड म्हणजे एका कामाची सुरुवातीपासून शेवटपर्यंत जबाबदारी घेणारी छोटी टीम. जवळजवळची कामं करणाऱ्या स्क्वॉड मिळून ट्राइब होते, ती शंभर माणसांच्या आत ठेवायची. ट्राइबमधली एकाच कौशल्याची माणसं, समजा टेस्टर, यांचा चॅप्टर. आणि एखाद्या विषयाची आवड असणाऱ्यांची, कंपनीभर पसरलेली गिल्ड.

आम्हीही हे केलंय, म्हणून टीका बाहेरून करत नाही. सोमवारी सकाळी टीम लीडचा चॅप्टर लीड झाला, टीमची स्क्वॉड झाली. भिंतीवर रंगीत तक्ता लागला. पण रिलीजची परवानगी पूर्वीसारखी तिसऱ्याच विभागाकडे. ग्राहकाची गरज मध्येच बदलली, तर निर्णय यायला पूर्वीइतकेच दिवस. मग बदललं काय? व्हिजिटिंग कार्ड! आणि दमलेली माणसं म्हणायला लागली, ‘हे अजाइल वगैरे सगळं थोतांड आहे.’ हे नुकसान आम्हाला सगळ्यात मोठं वाटतं, कारण एकदा उडालेला विश्वास नवा तक्ता लावून परत येत नाही.

आता पुन्हा तीच पानं उघडू. त्यात चौकटींपेक्षा मोलाच्या दोन गोष्टी आहेत आणि त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही. एक, दर तिमाहीला प्रत्येक स्क्वॉडला विचारत: तुम्हाला सहज रिलीज करता येतं का? कामाची पद्धत तुम्हाला मानवते का? वरून पाठबळ मिळतं का? दुसरी, कोणती स्क्वॉड कुणावर अवलंबून आहे आणि त्यामुळे काम अडतंय का, हेही नियमित विचारत. अडत असेल तर प्राधान्यक्रम बदलत, टीमची रचना बदलत, तांत्रिक रचनाही बदलत. म्हणजे रचना ही उत्तरातून निघत होती, आणि उत्तर बदललं की तीही बदलायची. आपण उत्तर उचललं, विचारणं मात्र तिथेच सोडलं.

लेखकांनी स्वतःच म्हटलंय की हे त्या वेळचं एक चित्र आहे, प्रवास अजून चालू आहे. मग दोष सगळा वाचणाऱ्यांचा का? तसंही नाही. कशावर काम करायचं ते उभ्या रांगेनं ठरवायचं, कसं करायचं ते आडव्या रांगेनं, अशी विभागणी तिथे आहे. कागदावर सुटसुटीत दिसते. पण बाजार बदलतो तेव्हा ‘काय’ आणि ‘कसं’ एकमेकांत गुंततात. घाईनं रिलीज करायचं की आधी टेस्ट नीट लिहायच्या? इथे प्रॉडक्ट ओनर आणि चॅप्टर लीड यांचं पटलं नाही, तर शेवटचा शब्द कुणाचा? या भांडणाला या पानांत पुरेशी जागा नाही, आणि टीम नेमकी इथेच अडकते. शिवाय लिहिणारे तिथेच काम करणारे आणि दिवस वाढीचे, त्यामुळे सूर आशेचा. आकृत्याही इतक्या छान की मजकुराआधी त्यांचीच नक्कल होते.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. ही पानं जरूर वाचा, पण तक्ता झाकून. उद्या टीममध्ये एकच प्रश्न विचारा: ‘आपलं काम कुणामुळे, कशामुळे अडतंय?’ जे उत्तर येईल त्यातली एक गोष्ट या महिन्यात बदला. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा. टीमला नाव काय द्यायचं, ते नंतर बघू.

प्रश्न असतील तर घेऊया.